उतारा, संगणक आणि आपण

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत 'संगणकाची तोंडओळख' या विषयावर मंडळाच्या संगणक वर्गातर्फे दिलेल्या भाषणाचा मजकूर)





आम्ही म्हणजे मंडळाच्या संगणक वर्गात शिकवणारे तिघं. माइकसमोर एकच उभा असला तरी बोलणं तिघांचं आहे, त्यामुळं चूक निघाली तर ती तिघांत वाटून घेऊ.

वर्ग सुरू केला तेव्हा आम्ही पुस्तकात असतं तसंच शिकवायला लागलो. हा मॉनिटर, हा कीबोर्ड, हा माउस, ही खालची पेटी. पहिल्या दिवशी सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी निम्मे आले. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं आणि दोन सभासद. त्या दोघांतल्या एका काकांनी पिशवीतनं घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला. निपाणीकडच्या त्यांच्या शेताचा उतारा होता. ते म्हणाले, "हे तुमच्या संगणकातनं निघालंय म्हणतात. माझी शाळा मराठी, मला हे वाचता येत नाही. यात नाव माझंच आहे का तेवढं सांगा."

त्या दिवसापासून आमचा वर्ग त्या कागदावरनं चालतो. आजचं बोलणंही तसंच चालेल.

आधी थोडा मागचा हिशेब. कर्नाटक सरकारनं 'भूमी' नावाची योजना काढली आणि २००० सालच्या आसपास तलाठ्यांच्या दप्तरातले हातानं लिहिलेले उतारे संगणकात भरायला घेतले. काम लहान नव्हतं. १७७ तालुके, सुमारे ६७ लाख शेतकरी आणि जवळजवळ दोन कोटी उतारे. भरून झाल्यावर हातानं लिहिलेला उतारा चालेनासा झाला. तालुक्याच्या कचेरीत खिडकी उघडली, पंधरा रुपये दिले की छापील उतारा हातात. निपाणी तालुका तेव्हा झालेला नव्हता, तिकडच्या लोकांना चिकोडी गाठावी लागे. पण तलाठी कुठल्या गावाला गेलाय, कधी येणार आणि आल्यावर काय म्हणणार, याची वाट बघणं संपलं. हे श्रेय द्यायलाच पाहिजे.

आता त्या खिडकीच्या आत काय होतं ते बघू.

आत एक यंत्र होतं. हात लावता येतो, उचलता येतं, पडलं तर फुटतं, ते सगळं हार्डवेअर. त्याचे भाग समजून घ्यायला आम्हाला जुनी चावडी फार उपयोगी पडते. चावडीत तलाठी बसलेला असतो. सगळं काम तोच करतो, पण एका वेळी एक. हा झाला प्रोसेसर. फरक इतकाच की हा तलाठी सेकंदाला कोट्यवधी बारीक बारीक कामं उरकतो आणि चहाला उठत नाही. त्याच्यासमोर टेबल असतं. ज्या कागदावर आत्ता काम चाललंय तेवढेच कागद टेबलावर. ही रॅम. टेबल मोठं असेल तर चार वह्या एकदम उघड्या ठेवता येतात, लहान असेल तर एक मिटून दुसरी उघडावी लागते. आपला जुना फोन अडखळतो तो यामुळं. आणि मागं कपाटात लाल फडक्यात बांधलेली दप्तरं असतात. ती हार्ड डिस्क. काम झाल्यावर कागद टेबलावरनं उचलून दप्तरात बांधला तरच तो राहतो. टेबलावरचं सगळं लाइट गेली की साफ. आमच्या वर्गात एका वहिनींनी तासभर खपून नातवाला पत्र टाइप केलं, 'सेव्ह' करायच्या आत लाइट गेली, आणि रॅम व हार्ड डिस्क यांतला फरक त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळला. त्यानंतर तो पुन्हा सांगावा लागला नाही.

चावडीला दार लागतं, जिथनं अर्ज आत येतो. कीबोर्ड, माउस, स्कॅनर, फोनचा कॅमेरा ही आत येण्याची दारं. पडदा आणि प्रिंटर ही बाहेर जाण्याची. फोनच्या काचेला मात्र आत आणि बाहेर दोन्हीकडची कामं करावी लागतात. म्हणून सांगतो, "आम्हाला संगणक येत नाही" असं म्हणणाऱ्यांच्या खिशात किंवा पर्समध्ये आत्ता एकेक संगणक आहे.

हार्डवेअर इथं सोडतो. ते दुकानात मिळतं आणि बिघडलं तर दुरुस्त करणारा मिळतो. खरी भानगड पुढं आहे.

तलाठी कितीही चपळ असला तरी काय करायचं हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. अर्ज आला तर आधी काय बघायचं, फेरफार कसा नोंदवायचा, क्षेत्राची बेरीज कशी करायची. हे लिहून ठेवलेले नियम म्हणजे सॉफ्टवेअर. त्यातही दोन थर. एक अव्वल कारकून असतो, जो कुणाचा कागद आधी टेबलावर जाईल, कुठलं कपाट कुणी उघडायचं हे ठरवतो. ती ऑपरेटिंग सिस्टीम. संगणकावर बहुधा विंडोज, आपल्या फोनवर अँड्रॉइड. आणि एकेका कामाचे वेगळे नियम, ती ॲप्लिकेशनं. पत्र लिहायचं वेगळं, पैसे पाठवायचं वेगळं, उतारा काढायचं वेगळं.

नियम लिहिणाऱ्यानं जे सांगितलं नाही ते यंत्राला कळत नाही. याचं आपल्या भागातलं उदाहरण देतो. आपल्याकडं जमीन एकर-गुंठ्यात. उताऱ्यावर १.२० असं दिसलं तर ते एक एकर वीस गुंठे. गुंठे चाळीस झाले की एकर, म्हणजे हे क्षेत्र झालं दीड एकर. आता वर्गातल्या एकानं आपल्या दोन तुकड्यांची बेरीज करायला एक्सेलमध्ये १.२० आणि ०.३० भरलं. यंत्रानं झटक्यात उत्तर दिलं, १.५०. दीड एकर? अहो, एक एकर वीस गुंठ्यांत तीस गुंठे मिळवले तर दोन एकर दहा गुंठे होतात! यंत्रानं बेरीज अगदी बरोबर केली होती. पण टिंबाच्या पुढं गुंठे आहेत, शंभरावा भाग नव्हे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तीस गुंठे जमीन अशी बसल्या जागी गायब होते. वाटणीच्या कागदावर हा घोळ झाला तर भावाभावांत काय होईल ते सांगायला नको.

यात आणखी एक गंमत. आपल्यातल्या कितीतरी घरांचा एक तुकडा निपाणी तालुक्यात आणि दुसरा पलीकडं कागल तालुक्यात. इकडं उतारा कन्नडमध्ये आणि एकर-गुंठ्यात. तिकडं सातबारा मराठीत आणि हेक्टर-आरमध्ये. इकडचं दीड एकर तिकडं लिहिलं असतं तर साधारण साठ आर सत्तर झालं असतं. माती एक, मालक एक, नांगर एक. दोन्ही कचेऱ्यांतली यंत्रंही एकाच जातीची. बदलले ते फक्त आतले नियम. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांतला फरक याहून सोपा आम्हाला सांगता येत नाही.

आता अक्षरांकडं येतो, कारण काकांचा प्रश्न नावाचा होता.

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला आकडे कळतात, आणि तेही शेवटी शून्य आणि एक एवढेच. दिवा लागलेला किंवा विझलेला. अशा आठ दिव्यांची एक रांग म्हणजे बाइट. प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून दिलेला असतो आणि पडद्यावर त्या आकड्याचं चित्र दाखवतात, त्याला आपण फाँट म्हणतो. पूर्वी हे आकडे इंग्रजीपुरतेच नीट ठरलेले होते. मग मराठी छापायला आपल्या लोकांनी युक्ती केली. आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवला आणि त्याच्यावर मराठी चित्राचा मुखवटा चढवला. आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका अशाच टाइप झाल्या. छापून छान आल्या. पण ती फाइल दुसऱ्या संगणकावर, जिथं तो फाँट नाही तिथं उघडली की मुखवटा गळून पडतो आणि लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. आपल्या कपाटात जुन्या अंकांच्या सीड्या आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा आज अशा मुक्या आहेत. छापलेले अंक जपून ठेवा, एवढंच त्यावर म्हणतो.

हा घोळ संपवायचं काम ज्यांनी केलं त्यांत आपली माणसं होती. आधी आयआयटी कानपूर आणि १९८८ नंतर पुण्याचं सी-डॅक इथं 'जिस्ट' नावाचं तंत्र तयार झालं, त्यात मोहन तांबे यांचं काम मोठं. भारतीय लिप्या वरनं वेगळ्या दिसतात पण आतनं एकाच घराण्यातल्या आहेत, क नंतर ख, ख नंतर ग, हे त्यांनी धरून ठेवलं. म्हणून सगळ्या लिप्यांना एकच मांडणी दिली. पुढं युनिकोड नावाची जगभराची पद्धत आली, तिनंही भारतीय लिप्यांसाठी हीच मांडणी उचलली.

याचा परिणाम ऐका. युनिकोडमध्ये मराठी 'क'चा आकडा २३२५. कन्नड 'क'चा ३२२१. फरक ८९६. मराठी 'ळ' २३५५, कन्नड 'ळ' ३२५१. फरक पुन्हा ८९६. ग घ्या, म घ्या, तोच फरक. बेळगावात एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या दोन भाषा यंत्रात बरोबर ८९६ घरं अंतरावर राहतात, आणि प्रत्येक घरासमोर त्याच नावाचं घर आहे. कळफलकावर तर तेवढंही अंतर नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी 'के'ची कळ दाबली की मराठीत क आणि कन्नड निवडलं असेल तर कन्नड क. एकदा मराठी टाइप करायला बोटं बसली की तीच बोटं कन्नडही टाइप करतात. अक्षराचं वळण डोळ्यांना शिकावं लागतं, बोटांना नाही. आमच्या वर्गातल्या मुलींनी हे आठ-दहा दिवसांत करून दाखवलं. भाषेच्या प्रश्नावर इथं काही बोलत नाही. तो प्रश्न आपल्या सगळ्यांच्या घरात जेवणाच्या ताटापर्यंत आलेला आहे आणि त्याचा निकाल जिथं लागायचा तिथं लागेल. पण उतारा आज कन्नडमध्ये आहे आणि जमीन आपली आहे. तो वाचता येणं ही आपल्या सोयीची गोष्ट आहे, आणि त्यानं आपलं मराठीपण कमी होत नाही.

मात्र सगळीच घरं समोरासमोर नाहीत. बाजारात आपण कन्नडमध्ये आकडे ऐकतो, सात म्हणजे 'एळु', आठ म्हणजे 'एंटु'. सातातला ए लांब, आठातला ए आखूड. कन्नडमध्ये ही दोन वेगळी अक्षरं आहेत, मराठीत एकच. आता 'शिंदे' हे आडनाव घ्या. मराठी मात्रेसमोरच्या घरात कन्नडची लांब ए आहे. म्हणून यंत्राकडनं मराठीवरनं सरळ कन्नड अक्षरं करून घेतली तर शेवटी लांब ए येते. पण कन्नड लिहिणारा माणूस शेवटी आखूड ए लिहितो, त्याच्या कानाला तसंच बरोबर. वाचणाऱ्याला दोन्ही शिंदेच. यंत्राला एक ३२७१ आणि दुसरा ३२७०. एका आकड्याचा फरक, म्हणजे त्याच्या लेखी माणूस वेगळा.

काकांच्या कागदाचं असंच निघालं. नाव त्यांचंच होतं. पण उताऱ्यावर आधी नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. आधार कार्डावर इंग्रजीत आडनाव पुढं, आणि वडिलांच्या नावाचं एकच अक्षर. बँकेत तिसरीच तऱ्हा. तिन्ही कागद तिघा वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या दिवशी टाइप केलेले, आणि काका एकदाही त्या पडद्यासमोर नव्हते. पीएम-किसानचे पैसे असोत की उताऱ्याला आधार जोडणं असो, आता नावं यंत्रच जुळवून बघतं. त्यांनी संबंधित ठिकाणी अर्ज दिला, दुरुस्ती झाली. हेलपाटे किती झाले ते विचारू नका.

त्यांच्या घरातल्या काकूंचं प्रकरण याहून अवघड. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नात तांदळात लिहिलेलं सासरचं नाव वेगळं, आडनाव तर वेगळंच. वडिलांच्या माघारी माहेरच्या उताऱ्यावर वारस म्हणून नाव लागायचं तर ते कुठलं? गावातला जुना तलाठी "ही अमक्याची थोरली लेक, निपाणीला दिली" म्हणून ओळखायचा. यंत्राला थोरली लेक कळत नाही. त्याच्या लेखी या दोन बायका आहेत, आणि दोघी एकच आहेत हे सांगणारा कागद समोर आल्याशिवाय तो ते मानत नाही. इथं बसलेल्या भगिनींपैकी कितीजणींचे कागद असे दोन नावांत विभागलेले आहेत ते त्यांचं त्यांना माहीत. हात वर करायला सांगत नाही. पण लग्नाचं प्रमाणपत्र, दाखला, आधार आणि उतारा एकदा एका ओळीत मांडून बघा. आईवडील हयात असताना बघा.

म्हणून आम्ही म्हणतो, संगणकाचा तिसरा भाग वापरणारा माणूस. पुस्तकात त्याला शेवटी दोन ओळी असतात. 'भूमी' आखणाऱ्यांनी मात्र या तिसऱ्या भागाचा नीट विचार केला होता. खिडकीतल्या ऑपरेटरला संकेतशब्दाबरोबर बोटाचा ठसा द्यावा लागे, म्हणजे "ही नोंद मी केली नाही" असं नंतर म्हणता येऊ नये. गंमत बघा, पूर्वी अंगठा उठवणारा तो अडाणी. इथं कचेरीतल्या शिकलेल्या माणसाला बोट टेकवायला लावलं आणि ते चोरी पकडायला उपयोगी पडलं! फेरफाराचे अर्ज आले त्या क्रमानंच हाताळायचे, मधला कागद वर काढता येऊ नये, हेही सॉफ्टवेअरमध्येच बसवलं. आणि सगळ्यात आम्हाला आवडलेली गोष्ट म्हणजे खिडकीवर दुसरा पडदा ठेवला, शेतकऱ्याकडं तोंड करून. आत ऑपरेटर काय टाइप करतोय ते बाहेर उभ्या असलेल्याला दिसावं म्हणून.

त्या पडद्याकडं आपण काय केलं? बघितलं, आणि मान डोलावली. काही जणांना अक्षर येत नव्हतं, काहींना यंत्राची भीती, काहींना रांगेतल्या मागच्या माणसाची लाज. चूक दुरुस्त करायची सगळ्यात स्वस्त वेळ तीच होती, छापायच्या आधीची.

आता तो पडदा आपल्या खिशात आलाय. आपला उतारा घरबसल्या फोनवर बघता येतो. जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा एवढं निवडायचं. बघायला पैसे लागत नाहीत. दर सहा महिन्यांनी, निदान गणपतीत आणि पाडव्याला, एकदा उघडून बघा. नाव, वडिलांचं नाव, क्षेत्र आणि बोजाचा रकाना. कर्ज फेडून दहा वर्षं झाली तरी बोजा तसाच, अशी दोन घरं आमच्याच वर्गात निघाली. आणि घरात एक वही करा. प्रत्येकाचं पूर्ण नाव मराठीत, इंग्रजीत आणि कन्नडमध्ये, ठरलेल्या एकाच तऱ्हेनं. कुठलाही फॉर्म भरायला जाताना ती वही बरोबर. टाइप करणाऱ्याला तोंडी नाव सांगू नका, वही पुढं करा.

एक सावधगिरी. खिशात पडदा आला तसा चोरही खिशापर्यंत आला. ओटीपी म्हणजे तुमच्या दप्तराच्या फडक्याची गाठ. बँकेतनं बोलतोय, वीज कचेरीतनं बोलतोय, पोलीस आहे म्हणणारा कुणीही असो, शुद्ध मराठीत बोलत असला तरी ती गाठ सोडायची नाही. पैसे गेलेच तर लाजेनं गप्प बसू नका, १९३० या नंबरला लगेच फोन करा. लवकर कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. मुलगा रागावेल म्हणून चार दिवस सांगितलं नाही, असं आमच्या ओळखीत घडलंय, आणि ते पैसे परत आले नाहीत.

मुलांबद्दलही थोडं. आपली मुलं इंजिनिअर आहेत. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच गावात, कॉलेजं आपल्या गावात, आणि शिकलेली मुलं पुण्याला, बंगळूरला नाहीतर त्याही पलीकडं. ती फोनवरनं सांगतात, "बाबा, सोपं आहे, उजवीकडचं बटण दाबा." इकडं बाबा बटण शोधतात आणि तिकडं मुलाची मीटिंग सुरू होते. त्यांचा दोष नाही. पण पंचवीस वर्षांच्या मुलाला पोहायला कसं आलं ते आठवत नाही, म्हणून त्याला शिकवताही येत नाही. साठीच्या माणसाला साठीच्याच माणसानं शिकवलेलं बरं पडतं, हा आमचा अनुभव. पहिल्या तुकडीतल्या चारजणी आता दुसऱ्या तुकडीला शिकवतात, आणि आमच्यापेक्षा बऱ्या शिकवतात, कारण काय अडतं ते त्यांना अजून आठवतंय.

बोलणं पुरे. मागं प्रोजेक्टर लावलेला आहे, नेट चालू आहे असं आमचे मित्र खुणेनं सांगताहेत. आता भूमीचं पान उघडतो. ज्यांना आपला सर्व्हे नंबर पाठ आहे आणि उतारा सगळ्यांसमोर उघडायला हरकत नाही, त्यांनी पुढं यावं. काका आलेच आहेत, ते पहिल्या रांगेत बसलेत. या वेळी वाचायचं काम त्यांचंच.